दोन इंच हँडल, सहा सेंटिमीटर पाइप

बारावीला पास्कलचा नियम (बंद द्रवावर टाकलेला दाब सगळीकडं सारखाच पोचतो) शिकवताना मी एकवीस वर्षं फळ्यावर तेच चित्र काढतोय. डावीकडं बारीक सिलिंडर, उजवीकडं जाड सिलिंडर, दोन्हीत दट्टे, दट्ट्यांवर बाण. मधल्या नळीला दोन समांतर रेघा ओढल्या की झालं. नळीबद्दल बोलायला काही नसतंच. तिच्यावर मी कधी अर्ध्या मार्काचाही प्रश्न काढलेला नाही.

गेल्या गणपतीत त्या दोन रेघांनी मला भुईबावडा घाटात बायकोसकट पावसात उभं केलं.

गाडी होंडाची युनिकॉर्न मोटरसायकल, २०११ ची, काळी. कोल्हापुरात घर ते कॉलेज आणि वर्षातून तीन-चार वेळा खारेपाटणजवळ सासुरवाडी, एवढंच तिचं जग. दोन वर्षांपूर्वी माझ्या कंबरेच्या मणक्यात गॅप निघाली. डॉक्टर म्हणाले, टू-व्हीलर बंद करा. बायको म्हणाली, कार घ्या. मी मधला मार्ग काढला आणि हँडलखाली दोन इंचांचे रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे, बसवले. पाठ ताठ राहायला लागली, हात सैल पडले, मी खूश. क्लचची वायर पुरली, एक्सलेटरची पुरली. पुढच्या डिस्क ब्रेकचा पाइप तेवढा जरा ताणलेला दिसत होता. हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघितलं, कुठं अडकत नव्हतं. 'पुरतोय की' म्हटलं आणि सोडून दिलं.

ही तपासणी मी गाडी साइड स्टँडवर असताना केली, म्हणजे पुढचं चाक जमिनीवर आणि शॉकअप गाडीच्या वजनानं थोडे दबलेले. चाक खड्ड्यात पडलं किंवा क्षणभर हवेत गेलं की शॉकअप पूर्ण उघडतात, आणि हँडलवरचं मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबला की ऑइल ढकलणारं) ते चाकाजवळचं कॅलिपर (डिस्कला चिमट्यासारखं धरणारं) हे अंतर तेवढ्यानं वाढतं. भौतिकशास्त्राच्या मास्तराला हे सुचायला हरकत नव्हती. कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर ते अंतर दिवसाला किती वेळा वाढत असेल, हे त्या रस्त्यानं जाणाऱ्याला सांगायला नको.

तर घाट. गगनबावड्याहून खाली उतरायला लागलो, रिपरिप पाऊस, धुकं. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर गाडी जड वाटायला लागली. उतारावर क्लच दाबला तर गाडी पळायला पाहिजे, तर ही रेंगाळत होती. मग वास आला. बायको मागून म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय." मी म्हटलं, खालच्या वाडीत कोणीतरी शेकोटी केली असेल. भर पावसात शेकोटी! ती काही बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारात तिनं न बोलण्याचे बरेच प्रकार तयार केलेत, त्यातला हा एक.

पुढच्या वळणावर ब्रेकचा लिव्हर दाबला तर तो लोण्यात गेल्यासारखा मुठीपर्यंत आला. मागच्या ब्रेकवर आणि पहिल्या गिअरवर गाडी कशीबशी कठड्याला लावली. पुढची डिस्क बघतो तर तिच्यावर पडणारा पावसाचा प्रत्येक थेंब 'चर्र' करून उडत होता. घावन घालायच्या आधी तवा तापलाय का बघायला आपण पाणी शिंपडतो ना, अगदी तस्सं. मेन स्टँडवर घेऊन, मागची बाजू दाबून उचललेलं पुढचं चाक हातानं फिरवायला गेलो, तर हलेना.

झालं होतं ते असं. ब्रेक सोडला तरी सुटत नव्हता. पॅड डिस्कला घासत राहिले, कॅलिपर तापलं, आतलं ब्रेक ऑइल तापून फुगलं आणि फुगल्यामुळं पॅड आणखी दाबले गेले. असं करत करत ऑइलला उकळी फुटली. वाफ दाबली जाते, म्हणून लिव्हर मऊ. नव्या डॉट-४ (ही ब्रेक ऑइलची एक प्रत) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तोच आकडा १५५ वर आला तरी मानकात बसतो. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. माझं कधी बदललं होतं? आठवत नाही, म्हणजे बदललंच नव्हतं.

पाऊण तास थांबलो. गार झाल्यावर चाक सुटलं. मागच्या ब्रेकवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये खाली उतरलो. मोदक संपायच्या आत पोचलो एवढंच.

कोल्हापुरात परत आल्यावर दिलावरभाईकडं गाडी टाकली. त्यांनी चाक फिरवून एका वाक्यात निकाल दिला, "सर, कॅलिपरनं धरलंय." बहुतेक वेळा खरंच तेच असतं. पिस्टनला गंज चढतो, स्लाइड पिना सुकतात. त्यांनी कॅलिपर उघडलं, पिस्टन साफ केले, पिनांना ग्रीस लावलं. चार दिवसांनी चाक पुन्हा जड.

दुसऱ्या वेळेला मात्र दिलावरभाईंनी जे केलं ते बघून मला वर्गात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. लिव्हर चार-पाच वेळा दाबून चाक जाम केलं. मग वरचा, मास्टर सिलिंडरजवळचा बेंजो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट, ऑइल त्याच्यातूनच जातं) फडकं धरून किंचित ढिला केला. चाक जामच. तो आवळला आणि खाली कॅलिपरचं हवा काढायचं निप्पल आठच्या पान्यानं पाव आटा उघडलं. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं. म्हणजे दाब अडकला होता तो वरच्या बोल्टच्या खाली आणि निप्पलच्या वर. या दोन्हींच्या मध्ये एकच वस्तू आहे. वरचा बोल्ट ढिला केल्यावर चाक सुटलं असतं, तर दोष मास्टर सिलिंडरचा. त्यात ऑइल परत जायला सुईएवढं भोक असतं, ते बुजतं. निप्पल उघडूनही सुटलं नसतं, तर कॅलिपरचा. "पाइप गेलाय सर," दिलावरभाई म्हणाले, आणि मग रायझरकडं बघून, "जाणारच की हो."

जुना पाइप घरी आणून उभा चिरला. बाहेरून धडधाकट. पण ज्या ठिकाणी तो क्लॅम्पमधून वाकून खाली जातो, नेमक्या तिथं आतल्या रबराचा एक पापुद्रा सुटून नळीत लोंबत होता. नखानं वर-खाली केला की दारासारखा हलायचा. आपण लिव्हर दाबतो तेव्हा बोटांचा जोर ऑइलला त्या दारातून ढकलून खाली पाठवतो. परत यायला मात्र जोर कुणाचा? पिस्टनभोवतीचं रबरी सील दाब असताना जरासं मुरडतं आणि दाब गेल्यावर आपल्या जागी येताना पिस्टनला केसभर मागं ओढतं. फक्त तेवढाच. तेवढ्या जोरावर दार काही उघडत नाही. पास्कलच्या चित्रातले माझे सगळे बाण एकाच दिशेचे होते.

आता नवा पाइप. कंपनीचा घेतला तर तो मूळ मापाचाच, म्हणजे पुन्हा ताणणार. रायझर काढायचे तर पाठ नको म्हणते.

माझा एक जुना विद्यार्थी उद्यमनगरात हायड्रॉलिक होज बनवून देतो. जेसीबी, ट्रॅक्टर, प्रेस मशिन. त्याच्याकडं गेलो. "बसा सर, चहा पिस्तोवर करून देतो. ह्यो पाइप जेसीबीचं बकेट उचलतोय, तुमची युनिकॉर्न काय घेऊन बसलाय?" दाबाबद्दल त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. घोळ वेगळाच आहे आणि तो नावातच आहे. ज्याला सगळे मिस्त्री 'ब्रेक ऑइल' किंवा 'डिस्क ऑइल' म्हणतात (मीही वर ऑइलच म्हटलंय आणि पुढंही म्हणणार) ते ऑइल नाहीच. डॉट-३ आणि डॉट-४ हे ग्लायकॉल जातीचे द्रव, पाण्यात विरघळणारे. जेसीबीत असतं ते खनिज तेल. एकाला चालणारं रबर दुसऱ्यात फुगतं. हायड्रॉलिक होजच्या आत सहसा नायट्राइल रबर असतं, तेलात ते वर्षानुवर्षं टिकतं आणि ब्रेकच्या द्रवात बिघडतं. ब्रेकच्या सीलचं नेमकं उलट, म्हणून कॅलिपर पेट्रोलनं धुवायचं नसतं.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सर, तुम्ही अजून तसंच बोलताय." आणि होजचा एक तुकडा कापून दिला. तो मी जॅमच्या बाटलीत डिस्क ऑइलमध्ये पंधरा दिवस बुडवून ठेवला. बाहेर काढला तर आतला थर बोटाला मऊ लागत होता आणि व्हर्नियरवर भिंतीची जाडी वाढलेली. तुकडा त्याला नेऊन दाखवला. त्यानं तो टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.

शेवटी स्टीलच्या जाळीचा पाइप मागवला. आत टेफ्लॉनची नळी, तिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या तारांचं विणकाम, वर पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण. रबराचा पाइप दाबाखाली थोडा फुगतो आणि लिव्हरचा काही प्रवास त्या फुगण्यात वाया जातो. जाळीचा फुगत नाही म्हणावं इतका कमी फुगतो. खरं सांगायचं तर चांगल्या स्थितीतल्या नव्या रबरी पाइपानंही माझं भागलं असतं. मी शर्यतीला जात नाही, मी सासुरवाडीला जातो. पण हव्या त्या लांबीचा बनवून मिळत होता तो हाच. आवरणाशिवायचा मात्र घेऊ नका, उघडी जाळी कानशीसारखी असते, जिथं टेकेल तिथला रंग खरवडून काढते.

माप घ्यायला एक पूर्ण रविवार घातला. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली जॅक, पुढचं चाक अधांतरी, म्हणजे शॉकअप पूर्ण उघडे. पडद्याची जाड दोरी पाइपाच्या वाटेनंच फिरवली, आणि हँडल एकदा पूर्ण डावीकडं, एकदा पूर्ण उजवीकडं. दोन्हीकडं दोरी सैल राहिली पाहिजे. मग चाक खाली ठेवून मी पूर्ण वजन टाकून शॉकअप दाबले आणि चिरंजीवांनी बघितलं की सैल दोरी टायरकडं जात नाही ना. माप एका टोकाच्या बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या भोकाच्या मध्यापर्यंत. जुन्या पाइपापेक्षा ६ सेंटिमीटर जास्त आलं. दोन इंच म्हणजे पाचच्या वर थोडे. उरलेला सेंटिमीटर माझ्या भीतीचा. ऑर्डर देताना बेंजो बोल्टचे आटेही सांगावे लागतात. होंडाच्या गाड्यांना साधारणपणे १० मिलिमीटरचा बोल्ट, १.२५ चे आटे (म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये). बऱ्याच युरोपीय ब्रेकना तोच बोल्ट १.० चा असतो. दोन्ही दिसायला सख्खे भाऊ. चुकीचा बोल्ट दोन आटे जातोही, मग अडकतो, आणि जोर लावणाऱ्याचं कॅलिपर कायमचं बाद करतो.

पाइप आला. त्याच्यावर 'एसएई जे १४०१' छापलेलं बघून बरं वाटलं. खनिज तेल नसलेल्या ब्रेक द्रवांच्या पाइपांसाठीचं मानक ते. सोबत दोन बोल्ट आणि चार नवे तांब्याचे वायसर. प्रत्येक बोल्टला दोन, पाइपाच्या डोळ्याच्या (बोल्ट जातो त्या कडीच्या) अलीकडं एक आणि पलीकडं एक. हे वायसर दबून बसतात आणि गळती थांबवतात, त्यामुळं एकदा वापरला की त्याचं काम संपलं.

दिलावरभाई म्हणाले, आणा, लावून देतो. पण एवढं झाल्यावर मला स्वतःच करायचं होतं. टाकीवर जुनं बेडशीट टाकलं, शेजारी पाण्याची बादली ठेवली. हा द्रव रंगाचा शत्रू आहे. सांडला तर नुसता पुसायचा नाही, लगेच भरपूर पाणी ओतायचं.

बोल्ट किती आवळायचा? होंडाच्या बहुतेक मॅन्युअलमध्ये या बोल्टला ३४ न्यूटन-मीटर दिलेलं असतं. टॉर्क रेंच माझ्याकडं नाही. पण टॉर्क म्हणजे काय, हे सांगून तर मी पगार घेतो. माझा १२ चा पाना बोल्टच्या मध्यापासून पकडीपर्यंत १७ सेंटिमीटर भरला. ३४ भागिले ०.१७ म्हणजे २०० न्यूटन, म्हणजे वीस किलोच्या जरा वर. घरात प्रवासाच्या बॅगा तोलायचा हूकवाला डिजिटल काटा आहे. त्याचा हूक पान्याच्या टोकाला सुतळीनं बांधला आणि काटा पान्याशी काटकोनात ओढत गेलो. चिरंजीव आकडे वाचत होते, "चौदा... सतरा... एकोणीस... पप्पा, वीस!" एकवीस वर्षांच्या नोकरीत एवढं समाधान देणारं प्रॅक्टिकल मी घेतलेलं नाही.

मग एअर काढणं. मास्टरच्या डबीत ताजं डॉट-४ भरलं (डबीच्या झाकणावर सीलबंद डब्यातलंच वापरा असं लिहिलेलं असतं, ते खरंच वाचा, अर्धा उरलेला मागच्या वर्षीचा डबा म्हणजे पाणी पिऊन बसलेला डबा). निप्पलला फिश टँकची पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीत. चिरंजीव लिव्हर चार वेळा दाबून धरणार, मी निप्पल उघडणार, बुडबुडे येणार, मी निप्पल बंद करणार, मगच त्यानं लिव्हर सोडायचा. हा क्रम चुकला की गेलेली हवा परत आत. "धर... सोड... सोडू नको म्हटलं ना!" असा दीड तास. डबी रिकामी होऊ द्यायची नाही, ती एकदा झालीच, मग पहिल्यापासून. शेवटी बुडबुडे थांबले तरी लिव्हर काही कडक होईना.

यूट्यूबवरचा उपाय म्हणून लिव्हर सायकलच्या ट्यूबनं मुठीला आवळून बांधला आणि रात्रभर ठेवला. त्यानं बारीक बुडबुडे वर सरकतात म्हणतात. सरकले असतीलही. सकाळी बघतो तर बेडशीटवर तळहाताएवढा ओला डाग, आणि खाली टाकीचा काळा रंग ओल्या भिंतीच्या पोपड्यासारखा उठलेला. रात्रभर दाबाखाली ठेवल्यामुळं वरच्या बोल्टातून थेंब थेंब गळलं होतं.

बोल्ट पुन्हा खोलला. माझं आवळणं बरोबर होतं, हिशोब बरोबर होता. टॉर्च मारून मास्टरच्या तोंडावर नख फिरवलं तर काठाशी अडकलं. जुना वायसर तिथंच चिकटलेला होता, तेरा वर्षांत काळा पडून धातूशी एकजीव झालेला, आणि मी त्याच्यावर नवा चढवला होता. एका बाजूला दोन वायसर. कटरच्या पात्यानं तो सोडवला, नवा जोड आणून बसवला, पुन्हा काटा, पुन्हा वीस.

या वेळी हवा उलटीकडून काढली. औषधाच्या दुकानातून ५० मिलिलिटरची सिरिंज आणली, तिच्यात ऑइल भरलं आणि खालच्या निप्पलमधून हळूहळू वर ढकललं. हवेला वर जायचंच असतं, आपण दीड तास तिला खाली ओढत बसलो होतो. डबीत टपोरे बुडबुडे फुटायला लागले, जशी डबी भरेल तसं जास्तीचं दुसऱ्या सिरिंजनं काढत राहिलो. हँडल जरा वळवून मास्टरचं तोंड सगळ्यात उंच येईल असं ठेवलं आणि पाइपाला पान्याच्या मागच्या बाजूनं टिचक्या मारल्या. शेवटचा एक मोठा बुडबुडा 'बुळुक' करून वर आला. लिव्हर दाबला. अर्ध्या वाटेवर दगड.

एक सांगायला पाहिजे. माझी गाडी जुनी, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली, म्हणून हे घरी जमलं. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्यात पाइप मध्येच एबीएसच्या युनिटमधून जातो आणि त्यातली हवा अशी टिचक्या मारून निघेल याचा भरवसा नाही. तिथं दिलावरभाईंसारख्यालाही गाडी पुढं पाठवावी लागते.

पहिल्यांदा गल्लीतच चाली-चालीनं दहा-बारा ब्रेक मारले. मग लिव्हर जीव खाऊन दाबून एक मिनिट धरला आणि चिरंजीवांनी दोन्ही बोल्टांभोवती टिश्यू पेपर फिरवला. कोरडा. दुसऱ्या रविवारी जोतिबाला गेलो. उतरताना मुद्दाम पुढचाच ब्रेक वापरला. लिव्हरमध्ये आता मधली ती पोकळ जागा नाही. बोट दाबलं की चाकाला कळतं. पहिल्या दोन वळणांना गाडीनं जरा जास्तच नाक खुपसलं, तेरा वर्षांच्या सवयीनं मी जोरात दाबत होतो. खाली आल्यावर मेन स्टँडवर घेऊन, मागची बाजू दाबून उचललेल्या पुढच्या चाकाला बोट लावलं. तीन गरके मारून थांबलं. पॅड डिस्कला पुसटसे लागतात तेवढाच आवाज.

टाकीवरच्या डागावर चिरंजीवांनी गणपतीचं स्टिकर लावलंय, जरा तिरकं. बायकोचं म्हणणं, गणपतीला निघताना झालेल्या प्रकाराला हे बरोबर आहे.

दिलावरभाईंना गाडी दाखवायला नेली. त्यांनी पाइप बघितला, वरचा बोल्ट बोटानं चाचपला, मान हलवली. मग हँडल धरून पूर्ण उजवीकडं वळवलं आणि क्लचच्या वायरीकडं बोट दाखवलं. हेडलाइटच्या मागून ती सतारीच्या तारेसारखी ताणलेली होती.

"आणि ही, सर?"

"पुरतेय की," मी म्हणालो.